बंदराच्या वहीत कोळणीची टोपली

मैत्रिणींनो, बंदर म्हटलं की हा आपला विषय नव्हे, असं वाटतं. पण आपल्या कढईतलं पामतेल जहाजातूनच येतं की!

केंद्र सरकारने 2023 मध्ये बंदरांसाठी ‘हरित सागर’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. बंदर पर्यावरण किती सांभाळतं, ते मोजायचं. दर टन मालामागे होणारं कार्बन उत्सर्जन 2030 पर्यंत 30 टक्के आणि 2047 पर्यंत 70 टक्के कमी करायचं. निम्म्याहून जास्त यंत्रं-वाहनं विजेवर आणायची. धक्क्याला लागलेल्या जहाजाने डिझेलवरची जनित्रं बंद ठेवून किनाऱ्यावरची वीज घ्यायची. हे चांगलंच आहे. मोजल्याशिवाय सुधारणा होत नाही, हे बचत गटाची वही लिहिणारीला वेगळं सांगायला नको.

पण ‘दर टन’ या शब्दांकडे जरा बघा. एका पोळीमागे गॅस थोडा कमी लागला, पण पंगतच तिप्पट झाली, तर सिलिंडर लवकर संपणारच ना? बंदर वाढलं की एकूण धूर वाढू शकतो आणि कागदावर मात्र प्रगती दिसते. एकूण आकडाही शेजारी छापा, एवढंच माझं म्हणणं.

आणि माणसं? उरणजवळचं जेएनपीटी बंदर 1989 मध्ये सुरू झालं. बंदर आणि आसपासच्या प्रकल्पांच्या भरावामुळे, खारफुटी गेल्यामुळे मासेमारी बुडाली, म्हणून तिथल्या मच्छीमारांनी हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने 1630 कुटुंबांना सुमारे 95 कोटींची भरपाई द्यायचा आदेश दिला, तो 2015 मध्ये! तोवर एक पिढी म्हातारी झाली. शिवाय होडी बहुधा पुरुषाच्या नावावर. चिखलात वाकून कालवं, शिवल्या काढणारी बाई कुठल्या यादीत बसवणार?

आता डहाणूजवळ वाढवण. वर्षानुवर्षं गावकऱ्यांचा विरोध, तरी ऑगस्ट 2024 मध्ये पायाभरणी झाली. खर्च 76 हजार कोटींच्या वर, समुद्रात 1448 हेक्टर भराव. विरोध बरोबर की चूक, हा वाद इथे घालत नाही. (माझं मत कोळणींच्या बाजूचं आहे, ते लपवतही नाही.) पण काम आणखी पुढे सरकण्याआधी, आज एका ओहोटीला किती कालवं मिळतात, टोपलीचे किती पैसे होतात, हे त्या बायकांनाच विचारून लिहून ठेवा. दर वर्षी पुन्हा मोजा आणि ते आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा. मराठीत, आणि बाजाराची वेळ सोडून.