जातमुचलका

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात माणूस तुरुंगात किती दिवस राहणार, हे त्याच्या गुन्ह्यावर ठरत नाही. सातबाऱ्यावर ठरतं. विधान भडक वाटत असेल तर दोन चोऱ्यांची गोष्ट ऐका. मी वकील आहे, अजून ज्युनिअरच. दोन्ही चोऱ्या माझ्या डोळ्यांसमोरच्या आहेत, म्हणून नावं सांगत नाही.

पहिली चोरी माझ्या चुलतभावाची. भीमेच्या पात्रातून रात्री वाळू भरताना ट्रॅक्टरसकट सापडला. दुसरी आमच्या गावच्या गायरानात राहणाऱ्या एका फासेपारध्याची. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरल्याचा त्याच्यावर आरोप. दोघांवर कलम एकच, चोरीचं. दोघांनाही कोर्टाने जामीन मंजूर केला. अट तीच: १५,००० रुपये आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार.

चुलतभावासाठी आमच्या भावकीतले तिघं सातबारा घेऊन कोर्टात हजर होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी जेवायला होता. फासेपारधी पाच महिने आत राहिला. लक्षात घ्या, जामीन मिळाल्यानंतर पाच महिने.

त्याची बायको आमच्या दारात आली होती. मी पाकीट काढलं तर म्हणाली, "ताई, पैसं नगं. कागुद द्या." मला तो कागद देता येत नव्हता, कारण वकिलाने स्वतःच्या अशिलाला जामीन राहायचं नाही असा बार कौन्सिलचा नियम आहे. मी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "हवं तर पाच हजार दे तिला. सातबारा नाही द्यायचा. उद्या बोजा चढला तर सोसायटी पीककर्ज देईल का?" आबा वाईट माणूस नाहीत. त्या माणसाने आमच्या उसात वीस वर्षं खुरपणी-बांधणी केली, हे त्यांनाही ठाऊक होतं. पुतण्यासाठी मात्र महिन्याभरापूर्वीच त्यांनी हाच सातबारा दिला होता, आणि तेव्हा त्यांना बोजा आठवला नव्हता.

कुणी म्हणेल, हा गरिबीचा प्रश्न आहे, जातीचा कुठे? गरीब कैद्यांना जामिनासाठी पैशांची मदत देणारी केंद्राची योजना २०२३ पासून आहेच. पण पैसे सरकार देईल, भावकी कोण देणार? जामीनदार म्हणजे तुमच्यासाठी स्वतःची जमीन पणाला लावणारा माणूस. ज्या जमातीला जमीनच मिळू दिली नाही, तिने असा माणूस कुठून आणायचा? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवलं. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती केल्या, हजेऱ्या लावल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि कुंपण निघालं. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. शब्द बदलला, पोलीस ठाण्यातली नजर तीच राहिली. त्या नजरेची किंमत बारामतीने पाहिली आहे. जून १९९८ मध्ये पिन्या हरी काळे हा फासेपारधी मजूर इथे पोलीस कोठडीत मेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन शबर असाच कोठडीत मेला होता. महाश्वेता देवी, गणेश देवी, लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी गट उभा केला तो याच काळात.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर मोठा निकाल दिला. तुरुंगात जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य ठरलं, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं, विमुक्त जमातींना सरसकट सराईत धरण्यावर ताशेरे ओढले. निकालाचं स्वागतच आहे. पण तो तुरुंगाच्या आतला न्याय झाला. आत कोण राहतं आणि बाहेर कोण पडतं, हे दारावर ठरतं.

आणि दारं तीन असली तरी कुलूप एकच आहे.

पहिलं दार जामिनाचं. तिथलं कुलूप स्थानिक जामीनदार. दुसरं परिवीक्षेचं. किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला तुरुंगात न घालता सुधारायची संधी द्या, असं १९५८ चा कायदा सांगतो. पण त्याच्या चौथ्या कलमात अट आहे: त्या माणसाचा किंवा त्याच्या जामीनदाराचा कायमचा राहता पत्ता किंवा नियमित कामधंदा हवा. पालात राहून हंगामी मजुरी करणाऱ्याकडे दोन्ही नाही. तिसरं दार संचित आणि अभिवचन रजेचं. तिथेही जामीन राहणारा नातेवाईक लागतो आणि पोलिसांचा अहवाल लागतो. म्हणजे ज्यांनी संशयावरून उचललं, त्यांनाच विचारायचं, की हा घरी आला तर चालेल का?

नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं खूप कौतुक झालं. कलम ४७९ प्रमाणे, काही गंभीर गुन्हे सोडले तर, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं. त्याच कलमातलं दुसरं पोटकलम वाचा: एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. आता गावातली कुठलीही चोरी ज्याच्या नावावर सहज चढते, अशा माणसावर एकच केस कशी असेल?

"ही माणसं सुटली की पळून जातात," असं मला दर वेळी ऐकवलं जातं. गंमत पाहा. चोरी झाली की पोलिसांना त्याचं पाल मध्यरात्रीही बरोबर सापडतं. जामिनाच्या दिवशी मात्र त्याला राहता पत्ता नसतो.

"पण ते चोऱ्या करतातच ना?" काही करतात. आमच्या भावकीतलेही करतात. वाळूचोरी ही चोरीच आहे. तरी आम्हाला कुणी वाळूचोर जमात म्हणत नाही आणि गावात नदी उपसली गेली की आमच्या सगळ्या घरांची झडती होत नाही.

यावर उपाय शोधायचाही बाकी नाही. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला १०,००० चा जामीन लावला गेला. भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची हमी मॅजिस्ट्रेटने नाकारली. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं, की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, तेव्हा ती अट घालू नये. दोन्हींच्या प्रती जोडून मी तीन अर्ज केले. तिसरा मंजूर झाला. तो जातमुचलक्यावर सुटला.

जातमुचलका. यातली 'जात' म्हणजे स्वतः. स्वतःच्या शब्दावर सुटणं. आमच्याकडे मात्र या शब्दाचा दुसराच अर्थ चालतो: ज्याची जात त्याचा मुचलका.

माझी मागणी साधी आहे. चोरीसारख्या गुन्ह्यात जातमुचलका हा अपवाद नको, नियम हवा. गायरानातल्या घरांच्या नोंदी करा आणि ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला पत्ता म्हणून धरा. कलम ४७९ मधलं ते पोटकलम आणि परिवीक्षेतली राहत्या पत्त्याची अट काढा.

हे होईपर्यंत कागद तुमच्याकडे आहे. हे वाचणाऱ्या अनेकांची नावं सातबाऱ्यावर चढली असतील, काहींची चढतील. भावासाठी जो उतारा काढायला मिनिटभर लागत नाही, तो गायरानातल्या माणसासाठी काढाल का? मी चुलतभावालाही विचारलंय. नव्या केसमध्ये एक जामीनदार हवाय. "बघू," म्हणालाय. दोन आठवडे झाले. आतला माणूस अजून आतच आहे.