पायताणाचा सन्मान आणि कारागिराची मालकी

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा नावाच्या बड्या कंपनीने पुरुषांच्या नव्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्यात मिरविणाऱ्या तरुणांच्या पायांत जी पादत्राणे होती, ती पाहताच कोल्हापूरच्या कोणाही माणसाने ‘हे तर आपले पायताण’ असे म्हटले असते. कंपनीने मात्र प्रथम कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाली तेव्हा तिने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून या घाटाचे मूळ भारतीय कारागिरीत आहे हे मान्य केले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करार झाला. दोन हजार जोड इकडील कारागिरांच्या हातून करवून घ्यावयाचे व सुमारे आठशे युरोंस एक जोड याप्रमाणे विकावयाचे, असे जाहीर झाले.

या वार्तेने पुष्कळांस आनंद झाला, तो स्वाभाविक आहे. ज्या कातड्याला हात लावला म्हणून आपल्या आजापणजांचा विटाळ मानला गेला, त्याच कातड्याची वहाण आता परदेशच्या श्रीमंतांच्या घरी जाणार! परंतु बंधुभगिनींनो, वस्तूचा मान आणि वस्तू घडविणाऱ्याचा मान या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जातिव्यवस्थेने वहाण कधीच टाकाऊ मानली नाही. तिने टाकाऊ मानला तो वहाण शिवणारा. म्हणून वहाणेचा गौरव झाला तेवढ्याने आपले समाधान होता कामा नये. मालकी कोणाची, हे आपण विचारले पाहिजे.

कायद्याची स्थिती पाहा. २०१९ साली कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे त्यात येतात. या मानांकनाचे नोंदणीकृत मालक कोण? दोन्ही राज्यांची महामंडळे. जुलै २०२५ मध्ये काही वकिलांनी कारागिरांच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात जनहितयाचिका नेली, तेव्हा न्यायालयाने ती फेटाळली. दाद मागावयाची तर ती नोंदणीकृत मालकांनी मागावी, असा त्या निर्णयाचा आशय होता. याचा अर्थ उघड आहे. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याचा हक्क कितीही न्याय्य असो, तो दुसऱ्याच्या तोंडाने बोलतो. कायद्याने कारागिरास ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करून घेता येते. हे दार उघडे आहे. त्यातून आत जाणे हे आपले काम आहे.

आता कारखानदारीकडे वळू. कोल्हापूरच्या जुन्या पद्धतीत कातडे पिशवीसारखे शिवून त्यात बाभळीची साल व हिरडा यांचे पाणी भरतात आणि ते असे कित्येक दिवस मुरवितात. मग रापीने कापणे, आरीने टोचणे, कातड्याच्या वादीने शिवणे. खिळा लावावयाचा नाही. बारीक वेण्या गुंफण्याचे काम बहुधा घरच्या स्त्रिया करतात. हे कसब मोठेच आहे. परंतु याच मुलखात १९०४ साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या आश्रयाने त्या गावाचे नशीब पालटले. मागाला यंत्र मिळाले, वीज मिळाली, पेढी मिळाली. रापीला काय मिळाले? शंभर वर्षांनंतरही रापी रापीच राहिली. तिच्या वाट्याला आली ती केवळ ‘परंपरा’ म्हणून स्तुती. नवे तंत्र पैशाच्या मागे जाते आणि पैसा जातीच्या मागे जातो, हे ज्यास कळले नाही त्याला आर्थिक धोरण कळले नाही.

येथे आपल्या मनातील एक संकोचही बोलून दाखविला पाहिजे. आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी मेलेली जनावरे ओढण्याचे काम स्वाभिमानासाठी सोडले. त्यामुळे कातडी, शिंगे व खुरे यांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब पूर्वी कोणी मांडला होता. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा समाचार घेतला. हा धंदा एवढा फायद्याचा असेल तर हिशेब मांडणाऱ्यांनीच तो करावा, हे त्यांचे उत्तर होते. माणसाला लाभाहून अब्रू प्यारी असते, हा त्यामागचा बोध होता. तेव्हा कातड्याला जगात भाव आला म्हणून कोणी आपल्या मुलांना ‘वाडवडिलांचा धंदा धरा’ असा उपदेश करील, तर त्याला हेच उत्तर द्यावे. जातीव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. ज्या मुलाला हा धंदा आवडेल त्याने तो मालक म्हणून करावा. ज्याला नको असेल त्याने उद्यमनगरातील ओतशाळेत, प्रयोगशाळेत किंवा न्यायालयात जावे. दोघांनाही कोणी हिणवू नये.

यंत्राची भीतीही बाळगू नये. यंत्राने होणारे अनर्थ यंत्राचे नसून समाजरचनेचे आहेत, असे बाबासाहेबांनी १९४५ साली स्पष्ट लिहिले. महामंडळाने जोडावर क्यूआर कोड लावण्याची जी योजना २०२५ मध्ये आणली, तिने गिऱ्हाइकास कारागिराचे नाव व गाव कळते. हे चांगलेच आहे. पण चिठ्ठीवर नाव आले म्हणजे किमतीत वाटा आला असे नव्हे. आठशे युरोंपैकी कापणाऱ्यास किती, शिवणाऱ्यास किती आणि वेणी गुंफणाऱ्या बाईस किती, हे जोवर जाहीर होत नाही, तोवर तो गौरव अपुरा आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी केवळ स्तुती करून काम भागविले नाही. १९०२ साली पन्नास टक्के नोकऱ्या मागासलेल्यांसाठी राखल्या, १९१७ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. नोकरी, शाळा, भांडवल व प्रतिष्ठा अशा चारही बाजूंनी त्यांनी हात दिला. आजच्या सरकारांनीही याच मापाने आपले धोरण मोजून पाहावे.

आपल्याकडूनही काही अपेक्षित आहे. प्रत्येक कारागीर कुटुंबाने आपली नोंद करवून घ्यावी. स्त्रियांची नोंद त्यांच्या स्वतःच्या नावाने व्हावी. गावोगाव सहकारी संस्था काढून तिचा हिशेब आपल्याच शिकलेल्या मुलामुलींनी ठेवावा. आणि परदेशी कंपनीशी पुढचा करार होईल तेव्हा त्या बैठकीत कारागिरांचे निवडलेले प्रतिनिधी बसावेत, अशी मागणी दोन्ही महामंडळांकडे एकमुखाने करावी. आपले पायताण मिलानला पोहोचले; आता ते घडविणारा करारावर सही करणाऱ्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचला पाहिजे.