भीमेकाठच्या राजबंद्यांचा जिवंत देखावा : सोलापूरकरांस जाहीर आवाहन

भवानी पेठेतील व समस्त सोलापुरातील बंधुभगिनींस,


1689 च्या नोव्हेंबरात रायगड मोगलांच्या हाती गेला आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या पत्नी महाराणी येसूबाई व त्यांचे अवघे सात वर्षांचे चिरंजीव शाहू औरंगजेबाच्या छावणीत कैदी म्हणून दाखल झाले, ही हकिकत आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत वाचली असेल. परंतु त्या प्रदीर्घ कैदेच्या काळात बादशाही छावणीचा तळ ज्या भूमीवर चार वर्षांहून अधिक काळ पडून होता, ती भूमी आपल्याच जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या वाटेवर, भीमेच्या काठी आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. 1695 मध्ये बादशहाने ब्रह्मपुरी येथे मुक्काम केला, गावाचे नाव बदलून इस्लामपुरी ठेवले आणि 1699 च्या ऑक्टोबरात साताऱ्याच्या मोहिमेवर निघेपर्यंत अवघ्या हिंदुस्थानचा कारभार तेथूनच चालविला. शाहूंचे तेरा ते सतरा हे कोवळे वय या मुक्कामात सरले. माचणूरच्या सिद्धेश्वराला जाणारे आपण सारे त्या जागेवरून जातो, पलीकडच्या तीरावरील बेगमपूर ओलांडतो, आणि तेथे कोण कोण बंदिवान होते याची आठवण काढल्यावाचून घरी परततो.

ही आठवण सोलापूरने जागी करावी, या हेतूने भवानी पेठेतील आम्ही काही नागरिकांनी असे योजिले आहे की, सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा आटोपल्यानंतरच्या पहिल्या शनिवार-रविवारी पेठेतील मोकळ्या मैदानावर त्या छावणीचा आणि तिच्यातील युद्धबंद्यांचा जिवंत देखावा उभारावा. लढाईचे देखावे आपल्याकडे पुष्कळ होतात, आणि ते व्हावेतही. परंतु ज्यांच्या हातून शस्त्र काढून घेतले गेले त्यांनी पुढची वर्षे कशी काढली, हे आपण क्वचितच दाखवितो. पराक्रमाला एक दिवस पुरतो, धीराला मात्र वर्षानुवर्षे पुरावे लागते. आणि येसूबाईंचा धीर जवळजवळ तीस वर्षे पुरला. आमच्या मते स्वराज्याच्या इतिहासातील हे प्रकरण कोणत्याही रणसंग्रामाइतकेच थोर आहे, आणि ते तितक्याच आदराने लोकांसमोर आले पाहिजे.

सोलापूरला हा विषय परका नाही. आपला भुईकोट किल्ला निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सरहद्दीवर उभा होता, आणि त्याच्यासाठी दोन्ही दरबारांत वारंवार लढाया झाल्या. सरहद्दीवरचे गाव जयघोषाबरोबर कैद्यांचे तांडेही पाहते, आणि त्या तांड्यांना एकच धर्म किंवा एकच भाषा नसते. विजापूरचा अखेरचा सुलतान सिकंदर आदिलशहा 1686 मध्ये शरण आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याचेही उर्वरित आयुष्य औरंगजेबाच्या कैदेतच गेले आणि 1700 मध्ये तो कैदेतच वारला. उलट पक्षी, 1695 च्या अखेरीस मराठा सरदार संताजी घोरपड्यांनी दोद्देरीच्या गढीत मोगल सरदार कासिमखानाची फौज कोंडली, तेव्हा भुकेने व्याकूळ झालेले मोगल शिपाई शरण आले आणि खंडणीचा करार होऊन त्यांची सुटका झाली. हे दोन्ही प्रसंग आमच्या देखाव्यात राहतील, कारण बंदिवानाच्या दुःखाला बाजू नसते.

देखाव्याचा मुख्य भाग मात्र येसूबाई आणि शाहू यांचाच. शाहूंना राजा हा किताब व सात हजारांची मनसब मिळाली होती, बादशहाची कन्या झीनतुन्निसा बेगम त्यांची ममतेने चौकशी करीत असे, ज्योत्याजी केसरकरांसारखे निष्ठावंत सेवक सोबत होते. तरीही ती कैदच होती. कैदेतून येसूबाईंनी चिंचवडच्या देव घराण्याला पत्र लिहून आपल्या कर्जाची विवंचना कळविली, हा तपशील ज्याने एकदा वाचला त्याला तो विसरता येत नाही : छत्रपतींची राणी, आणि तिला खर्चाची तोंडमिळवणी कशी करावी याची काळजी! 1703 मध्ये धर्मांतराची मागणी झाली असता शाहूंनी तिला नकार दिला, हेही आम्ही न लपविता आणि न भडकविता दाखवू. पुढे औरंगजेब अहमदनगरास मृत्यू पावला, आणि 1707 च्या मे महिन्यात नर्मदेपलीकडे दोराह्याच्या मुक्कामी त्याचा मुलगा आज्जमशहा याने शाहूंना सोडले. परंतु येसूबाई ओलीस म्हणून मागे राहिल्या. मुलगा सुटावा म्हणून आई कैदेत थांबली, आणि तिच्या सुटकेसाठी 1719 साल उजाडावे लागले, जेव्हा पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून तिला घेऊन आले. माता-पुत्रांचा तो निरोप हा आमच्या प्रयोगाचा कळस असेल.

आता आपणांकडे जी विनंती आहे ती स्पष्टपणे मांडतो. पहिली विनंती यंत्रमाग व हातमाग चालविणाऱ्यांस आणि रंगाऱ्यांस. बादशहाच्या डेऱ्यांभोवती तांबड्या कापडाच्या कनातींचे जे आवार असे त्यास गुलालबार म्हणत, आणि शाहूंचा तंबू त्याच्या निकट असे. असे आवार उभे करावयाचे तर कापड सोलापूरचेच हवे. पेठेतील एका मागावर विणून रंगविलेला नमुन्याचा पट्टा आम्ही उन्हात टांगून पाहिला. दुपारच्या उजेडात तो उभा राहताच पलीकडचा रस्ता, माणसे, दुकाने सारे दिसेनासे झाले, आणि भिंत नसतानाही कोंडले जाणे कसे असते हे पाहणाऱ्यांना न सांगता कळले. ज्यांच्याकडे शिल्लक ताके असतील त्यांनी ते उसने द्यावेत. प्रत्येक ताक्याची पावती मिळेल आणि प्रयोगानंतर माल धुऊन परत होईल.

दुसरी विनंती कलावंतांस. त्या छावणीत नाना मुलखांचे आणि नाना भाषांचे लोक एकत्र होते, आणि आपल्या शहरातही मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जातात. तेव्हा बाजाराच्या प्रवेशात प्रत्येकाने आपल्या घरची भाषा बोलावी. येसूबाईंच्या भूमिकेसाठी तीन वेगवेगळ्या वयांच्या भगिनी हव्या आहेत, कारण तीस वर्षांची कैद एकाच चेहऱ्याने दाखविता येणार नाही. तिसरी विनंती मोडी व फारसी वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांस : संहितेतील प्रत्येक वाक्य त्यांच्या नजरेखालून जावे, आणि जे दस्तऐवजात नाही व केवळ परंपरेने सांगितले जाते, ते निवेदकाने तसे म्हणूनच सांगावे. चौथी विनंती गृहिणींस : कोजागरीला तुळजापूरच्या वाटेने चालणाऱ्या भाविकांची सेवा करणाऱ्या या शहराला दोन दिवसांच्या ज्वारीच्या भाकरी व पिठल्याची तजवीज अवघड नाही.

काही नियम मात्र कटाक्षाने पाळले जातील. लहान मुलांच्या हातापायांत बेड्या घातल्या जाणार नाहीत. संभाजी महाराजांच्या छळाचा प्रसंग दाखविला जाणार नाही. खरी शस्त्रे व दारूगोळा मैदानात येणार नाही. कोणत्याही धर्माविरुद्ध घोषणा देणाऱ्यास नम्रपणे पण निश्चितपणे बाहेर जाण्यास सांगितले जाईल. 1697 च्या महापुरात ब्रह्मपुरीची छावणी बुडून अपरिमित प्राणहानी झाली. तो प्रसंग निवेदनातूनच येईल, नदीकाठी कोणताही प्रवेश होणार नाही. पोलीस व महानगरपालिका यांची रीतसर परवानगी मिळाल्यावरच मांडव घातला जाईल, आणि जमाखर्चाचा तपशील प्रयोगानंतर पेठेतील फलकावर लावला जाईल.

येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता नियोजित मैदानावरच पहिली सभा भरत आहे. पैसा देणाऱ्यांपेक्षा वेळ देणाऱ्यांची आम्हांस अधिक गरज आहे, म्हणून हात रिकामे असले तरी संकोच न करता यावे. आलेल्या प्रत्येकाचे नाव, त्याला येत असलेले काम आणि तो देऊ शकेल ते तास यांची नोंद त्याच वेळी वहीत होईल, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाची वाटणी सुरू होईल.



आपले नम्र,
भवानी पेठेतील नागरिक, सोलापूर