विश्लेषण : ऑस्करमध्ये अभिनेत्रींच्या वयाचा हिशेब वेगळा का?

२ मार्च २०२५ च्या ऑस्कर सोहळ्यात ‘अनोरा’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली २५ वर्षांची मायकी मॅडिसन. ‘द सबस्टन्स’साठी नामांकन मिळालेली ६२ वर्षांची डेमी मूर जानेवारीत गोल्डन ग्लोब जिंकून शर्यतीत पुढे होती. निकाल लागताच समाजमाध्यमांवर अनेकांनी लिहिलं : सिनेमात दाखवलं, तेच घडलं.

सिनेमात काय आहे?

एलिझाबेथ ही एकेकाळची तारका टीव्हीवर एरोबिक्सचा कार्यक्रम करते. पन्नासाव्या वाढदिवशी तिला काढून टाकलं जातं. चोरट्या बाजारातलं एक औषध टोचल्यावर तिच्याच शरीरातून तरुण प्रतिरूप बाहेर येतं आणि तिची जागा घेतं.

मूरसाठी हे परकं नव्हतं. १९९६ मध्ये ‘स्ट्रिपटीज’साठी तिने सव्वा कोटी डॉलर घेतले, अभिनेत्रीसाठी तो तेव्हाचा विक्रम होता. त्याच वर्षी जिम कॅरीला ‘द केबल गाय’साठी दोन कोटी मिळाले. चर्चा त्याच्याही आकड्याची झाली, पण ‘गिमी मूर’, म्हणजे ‘अजून द्या’, हे टोपणनाव चिकटलं ते मूरला. ‘स्ट्रिपटीज’ समीक्षकांनी झोडपला, पुढच्या वर्षीचा ‘जी. आय. जेन’ही अपेक्षेइतका चालला नाही आणि चाळिशीच्या आतच मोठ्या भूमिका आटल्या. मुलींना वाढवण्यासाठी ती स्वतःहूनही हॉलीवूडपासून दूर गेली होती, हेही खरं. गोल्डन ग्लोब स्वीकारताना तिने सांगितलं की, तीस वर्षांपूर्वी एका निर्मात्याने तिला ‘पॉपकॉर्न अभिनेत्री’ म्हटलं होतं आणि तिलाही ते पटलं होतं.

मग ऑस्कर वयामुळेच हुकलं?

तसं ठामपणे म्हणता येणार नाही. ‘अनोरा’ने त्या रात्री पाच पुरस्कार नेले. भयपटांना अभिनयाचं ऑस्कर सहसा मिळत नाही. शिवाय २०२१ मध्ये फ्रान्सिस मॅक्डॉरमंड ६३ व्या आणि २०२३ मध्ये मिशेल योह साठाव्या वर्षी जिंकल्या होत्या.

खरी गोम पुरुषांची यादी पाहिल्यावर कळते. ऑस्करच्या इतिहासात तिशीच्या आत सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेला एकच, एड्रियन ब्रॉडी. २००३ मध्ये, २९ व्या वर्षी. अभिनेत्रींमध्ये मात्र जेनिफर लॉरेन्स (२२), हिलरी स्वँक (२५), ब्री लार्सन (२६), एमा स्टोन (२८) अशी रांगच आहे. मॅडिसन जिंकली त्याच रात्री २९ वर्षांच्या टिमोथी शालामेला हरवलं कोणी? ५१ वर्षांच्या ब्रॉडीनेच!

म्हणजे पुरुषाला थांबायला सांगितलं जातं, बाईला घाई करायला. पुरुषांसाठी वजनदार भूमिका लिहिल्या जातात त्या शास्त्रज्ञ, राजकारणी, थकलेला संगीतकार अशा, चाळिशीनंतर शोभणाऱ्या. पडद्यावरची नायिका अजूनही बहुतेकदा तरुणच लागते.

पन्नाशीनंतर जायचं कुठे?

बऱ्याच जणींनी टीव्हीची वाट धरली. ‘हॅक्स’मधल्या प्रौढ विनोदी कलावंताच्या भूमिकेसाठी सत्तरी ओलांडलेल्या जीन स्मार्टने चार एमी मिळवले. दुसरी वाट निर्मितीची. रीझ विदरस्पूनने २०१६ मध्ये ‘हॅलो सनशाइन’ काढली आणि बायकांच्या गोष्टी पडद्यावर आणायचा धडाका लावला. २०२१ मध्ये कंपनीतला मोठा हिस्सा विकला गेला, तेव्हा तिचं मोल सुमारे ९० कोटी डॉलर ठरलं होतं.

मूरही सध्या ‘लँडमन’ या मालिकेत आहे. पहिल्या सीझनमध्ये तिच्या वाट्याला मोजकेच प्रसंग होते. दुसऱ्यात नवऱ्यामागे तेल कंपनी तीच सांभाळते.