चौसष्ट बटणं आणि एक दुभाषी

ड्रायव्हर म्हटलं की पूर्वी आपल्याला बसचा किंवा टेंपोचा ड्रायव्हर आठवायचा. संगणक घरात आले आणि या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. तो अर्थ बहुतेकांना कळला तो प्रिंटर अडून बसल्यावर. संगणकाची बोली वेगळी, त्याला जोडलेल्या यंत्राची वेगळी, आणि दोघांच्या मध्ये बसून निरोप इकडून तिकडे करणारा जो छोटा प्रोग्राम असतो, तो ड्रायव्हर. म्हणजे दुभाषीच. आपल्या भागातल्या वाचकांना हे काम समजावून सांगायला नको. सासू कोल्हापूरकडची आणि सून धारवाडची असेल, तर त्या घरात पाच वर्षांचं पोरही दुभाष्याचं काम करतं. कधी कधी निरोपात स्वतःचं एखादं चॉकलेटही घालतं!

आज या दुभाष्याबद्दल लिहायचं कारण एक वाद्य आहे. वाद्य म्हणावं की नाही, यावरच आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एक चपटा डबा, त्यावर आठ गुणिले आठ अशी चौसष्ट रबरी बटणं, आणि प्रत्येक बटणाखाली एक छोटा दिवा. त्यावर सा रे ग म लिहिलेलं नाही, एक अक्षरही नाही. डब्यातून स्वतःचा आवाजही येत नाही. बटण दाबलं की 'तिसऱ्या ओळीतलं पाचवं दाबलं' एवढंच तो संगणकाला कळवतो, आणि संगणकाने सांगितलं तर दिवा लावतो. त्या बटणाचा अर्थ काय, तो तबल्याचा बोल की तंबोऱ्याची तार, हे वाजवणाऱ्याने संगणकात ठरवायचं.

ही कल्पना अमेरिकेतल्या ब्रायन क्रॅबट्री आणि केली केन या जोडप्याची. २००६ मध्ये त्यांनी 'मोनोम ४०एच' नावाचा असा डबा विकायला काढला. नावातली गंमत अशी, की संगणकवाल्यांच्या सोळाच्या पाढ्यातल्या मोजणीत ४० म्हणजे आपले ६४. डबे थोडेच बनत आणि किंमत विद्यार्थ्याला झेपणारी नव्हती. पण त्यांनी एक मोठं काम केलं. आतली जोडणी कशी आहे, आतल्या चिपमध्ये कोणता प्रोग्राम आहे, हे सगळं उघड करून टाकलं. मग २००८ मध्ये काही हौशी मंडळींनी तोच प्रोग्राम आर्दुइनो या स्वस्त बोर्डावर चालेल असा करून घेतला आणि त्याला नाव दिलं 'आर्दुइनोम'. जगभरच्या वसतिगृहांत आणि माळ्यांवर असे डबे तयार होऊ लागले.

त्यातलाच एक माझ्या भाच्याने २०१० मध्ये इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना बनवला. रबरी बटणांचे सोळा-सोळाचे चार तुकडे अमेरिकेहून मागवले, बाकी सामान बेंगळूरच्या एस. पी. रोडवरून. चौसष्ट दिवे, चौसष्ट डायोड, आणि सगळे दिवे एकटी सांभाळणारी 'मॅक्स ७२१९' ही चिप. माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर सोल्डरिंगचा डाग अजून आहे. पुढे तो नोकरीला बेंगळूरला गेला आणि डबा आमच्या माळ्यावर आला.

यंदा माझ्या मुलीने तो खाली काढला. यूएसबीचं तोंड तुटलं होतं, म्हणून भाच्याच्याच जुन्या सामानातला दुसरा आर्दुइनो बोर्ड तिने आत बसवला आणि त्यात प्रोग्राम भरला. लॅपटॉपला जोडल्यावर काहीतरी जोडलंय एवढं लॅपटॉपने मान्य केलं. पण संगीताच्या सॉफ्टवेअरला मात्र डबा दिसेना. शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाईंनी विचारलं, "एनप्पा इदु? हाळागिदे?" (काय रे बाबा हे? बिघडलंय?) मी शिकवतो भाषा, मला यातलं काय कळणार! पण जे कारण निघालं ते ऐकून मी खुर्ची पुढे ओढली, कारण तो सगळा भाषेचाच मामला होता.

झालं होतं असं. जुन्या काळात या डब्यांसाठी 'मोनोमसिरीयल' आणि आर्दुइनोमचा त्याच धर्तीचा एक, असे प्रोग्राम होते. ते वापरणाऱ्याने हाताने उघडायचे, कुठे निरोप पाठवायचा ते हाताने लिहायचं. २०११ च्या सुमारास मोनोमकडून 'सिरीयलऑस्क' नावाचा नवा दुभाषी आला. हा पडद्यामागे गुपचूप बसून असतो. डबा जोडला की तो स्वतःच ओळखतो, त्याला एक स्वतंत्र खिडकी देतो आणि विचारणाऱ्या प्रोग्रामला सांगतो, की अमुक डबा अमुक खिडकीवर भेटेल. काम कितीतरी सोपं झालं. पण हा ओळखतो कशावरून? तर यूएसबीच्या चिपमध्ये लिहिलेल्या सिरीयल नंबरावरून. नंबर 'एम४०एच' अशा अक्षरांनी सुरू झाला, की हा चौसष्ट बटणांचा जुना डबा आणि त्याची बोली अमुक, हे त्याला कळतं. आमच्या डब्यात बसवलेल्या बोर्डाचा नंबर कारखान्यातून आला तसाच होता. डबा ठणठणीत, वायर ठीक, बोलीही बरोबर. फक्त आडनाव ओळखीचं नाही म्हणून दारात उभा! आपल्याकडे नावावरून माणसाला काय काय ऐकावं लागतं ते आपण जाणतो. यंत्रांचंही तेच निघालं.

भाच्याने फोनवरून उपाय सांगितला. "मामा, त्या चिपमधला नंबर बदलता येतो. एफटी-प्रॉग नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, फक्त विंडोज लागेल." मुलीने अर्ध्या तासात नवा नंबर लिहिला, वायर काढून पुन्हा लावली, आणि दुभाष्याने डब्याला आत घेतलं.

मला मात्र एक शंका आली. दुसऱ्याच्या घराण्याचं नाव आपल्या डब्याला लावायचं, हे बरं दिसतं का? मुलीचं म्हणणं, मूळ कर्त्यांनीच जोडणी आणि प्रोग्राम जगाला दिला, घरी बनवणाऱ्यांना कधी हाकललं नाही, आणि हा डबा आपण मोनोम म्हणून विकणार नाही. मला पटलं. विकायला काढला असता तर पटलं नसतं.

कारण नावाच्या भांडणाची दुसरी बाजूही घडून गेलेली आहे. ज्या चिपमध्ये हा नंबर असतो ती बनवते स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची एफटीडीआय ही कंपनी. तिच्या चिपच्या नकला बाजारात उदंड झाल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या नेहमीच्या अपडेटबरोबर घरोघरी पोचला, आणि नकली चिप सापडली की तिची ओळखच पुसून शून्य करू लागला. लोकांची चालती यंत्रं रात्रीतून मुकी झाली. ज्याने बोर्ड विकत घेतला त्याला आत खरी चिप आहे की खोटी हे कुठून कळणार? ओरड झाली आणि तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. नक्कल करणं चूकच, यात वाद नाही. पण दुभाष्यानेच गिऱ्हाइकाची जीभ कापावी हा कुठला न्याय? माझ्या मते कंपनीची तक्रार खरी होती आणि शिक्षा चुकीच्या माणसाला झाली.

घरात कुणी असं काही बनवत असेल तर त्याला बोर्ड घेण्याआधी एवढं बघायला सांगा. २०१० नंतरच्या आर्दुइनो उनोमध्ये एफटीडीआयची चिप नाही, त्यामुळे वरची युक्ती तिथे तशीच चालत नाही. स्वस्त बोर्डांत बहुधा सीएच३४० जी ही चिप असते. तिच्यात नंबर लिहायला जागाच नाही. नव्याने बनवायचं असेल तर रास्पबेरी पाय पिको किंवा टीन्सी यांसारखा बोर्ड बरा. त्यात यूएसबीचं नाव-नंबर आपल्याच प्रोग्राममध्ये लिहिता येतं.

आमची कहाणी तिथेच संपली नव्हती. सॉफ्टवेअरने डबा उघडला की आर्दुइनो दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा आणि तेवढ्या वेळात पाठवलेले निरोप वाया जायचे. ही त्या बोर्डाची जन्माची सवय. प्रोग्राम भरताना सोयीची, वाजवताना नडणारी. बोर्डावर 'रिसेट-ईएन' लिहिलेली एक बारीक रेघ असते. ती ब्लेडने कापली की सवय जाते. मुलगी कापत होती तेव्हा मी बाहेर फेरी मारून आलो.

शेवटची अडचण पुन्हा भाषेचीच. भाच्याने २०१० मध्ये प्युअर डेटा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जे लिहून ठेवलं होतं, त्याला बटण दाबल्याचा निरोप 'प्रेस' या शब्दाने येईल अशी अपेक्षा. नवा दुभाषी तोच निरोप 'ग्रिड, की' असा देतो, आणि दिव्यासाठीचा शब्दही त्याने बदललाय. एका पिढीत बोली अशी बदलते, की आजीचा शब्द नातीला समजावून द्यावा लागतो. पण बदललेले शब्द नीट लिहून ठेवलेले होते. मुलीने ते एकेक बसवून घेतले, आणि त्यात तिची एक रविवारची दुपार गेली. आमच्याकडचा एक महागडा स्कॅनर याच कारणाने भंगारात गेला. त्याच्या कंपनीने नवा ड्रायव्हर काढला नाही आणि आत काय आहे ते सांगितलंही नाही. काच शाबूत, दिवा शाबूत, आणि यंत्र मुकं. पंधरा वर्षांपूर्वी कट्ट्यावर बनवलेला डबा मात्र उठून बसला, कारण त्याचा कागद न् कागद उघडा होता.

आता तो डबा वाजतो कसा ते सांगतो. क्रॅबट्रीच्या 'एमएलआर' या प्रोग्रामची रीत मुलीने उचलली आहे. एका ओळीला एक आवाज, आणि ओळीतली आठ बटणं म्हणजे त्या आवाजाचे आठ तुकडे. जे बटण दाबाल तिथून आवाज सुरू होतो, आणि दिवा पळत पळत आवाज कुठे पोचला ते दाखवतो. पहिल्या ओळीत तिने हार्मोनियमचा सा धरलाय, दुसरीत पावसाची पन्हळ, आणि तिसरीत अज्जीच्या जोळद रोट्टीच्या थापा. अज्जी काटवटीवर भाकरी थापत असताना हिने मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. पाचवं, दुसरं, पुन्हा पाचवं असं दाबलं की त्या थापांचा असा काही ठेका निघतो, की तबलजीने कान द्यावा.

सासूबाईंनी दोन दिवस ऐकलं. मग म्हणाल्या, तिसरी थाप जोरात पडलीय, तेव्हा पीठ सैल झालं होतं. ते पुसून टाक, उद्या परत थापते. मुलीने सांगितलं, "अज्जी, तीच तर मला हवीय." त्यावर अजून समेट झालेला नाही.

आणि खालच्या कोपऱ्यातली तीन बटणं एकदम दाबली की चौथं आपोआप दाबल्यासारखं होतं. तिथला एखादा डायोड गेला असावा. भाचा दिवाळीला येतोय, सोल्डरिंगची इस्त्री त्याच्यासाठी काढून ठेवली आहे.