टाइप-सी पोर्ट सारखंच, मग मोठ्या मॉनिटरवर चित्र का अडतं?

पिंपळगाव बसवंत म्हटलं की द्राक्षं, कांदा आणि टोमॅटो आठवतात. पण इथल्या द्राक्षांचा युरोपपर्यंतचा प्रवास लॅपटॉपवरूनही होतो. बागेची नोंदणी, रासायनिक अंश तपासणीचा अहवाल, पॅकहाउसची माहिती असा सगळा तपशील अपेडाच्या 'ग्रेपनेट' या ऑनलाइन यंत्रणेत असावा लागतो. १४ इंची स्क्रीनवर एका बाजूला एक्सेल आणि दुसऱ्या बाजूला पोर्टल उघडलं की अक्षरं मुंगीएवढी दिसतात. मग मोठा ४के मॉनिटर घ्यायचं ठरतं.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. अनेक पातळ लॅपटॉपना आता एचडीएमआय पोर्ट नसतं, फक्त टाइप-सी असतं. त्यासाठी ऑनलाइन अडॅप्टर मागवलं जातं. जोडल्यावर कधी स्क्रीन काळीच राहते, तर कधी चित्र येतं पण माउसचा बाण अडखळत सरकतो. बिघाड मॉनिटरमध्ये, लॅपटॉपमध्ये की अडॅप्टरमध्ये, हे कळत नाही आणि सुमारे ३० किलोमीटरवरच्या नाशिकला खेप पडते.

नियम आला, मग गोंधळ का?

युरोपियन युनियनने फोनसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी चार्जिंग बंधनकारक केलं. लॅपटॉपसाठी ही तारीख २८ एप्रिल २०२६ आहे. भारतातही बीआयएसने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सी पोर्ट, प्लग आणि केबलसाठी मानक प्रसिद्ध केलं.

पण युरोपचा नियम चार्जिंगपुरता आहे. त्या पोर्टमधून मॉनिटरला चित्र मिळालंच पाहिजे, अशी सक्ती त्यात नाही. 'टाइप-सी' हे पोर्टच्या आकाराचं नाव आहे, कामाचं नाही. नळाचं तोंड सगळीकडे सारखं असलं तरी आत कुठलं पाणी येतं, ते मागच्या जोडणीवर ठरतं. इथेही तसंच आहे.

टाइप-सीमधून चित्र जाण्यासाठी लॅपटॉपमध्ये 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' किंवा थंडरबोल्टची सोय लागते. ती नसेल तर साधं अडॅप्टर कितीही महाग घेतलं तरी पडदा काळाच राहतो. डिस्प्लेलिंक चिपची अडॅप्टर सॉफ्टवेअर टाकून चित्र पाठवतात, पण तो वेगळा आणि सहसा महाग मार्ग आहे.

चित्र अडखळतं का?

फुल एचडी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. ४के स्क्रीनवर त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे ८३ लाख. हे सगळं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचं, तर तेवढी माहिती वाहून नेणारी वाट लागते.

एचडीएमआय १.४ या जुन्या मानकावर पूर्ण ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं. ६० साठी एचडीएमआय २.० लागतं, आणि ते २०१३ मध्ये आलं. स्वस्त अडॅप्टरच्या डब्यावर ठळक अक्षरांत '४के' लिहिलेलं असतं, '३० हर्ट्झ' मात्र बारीक अक्षरांत. जाहिरात खोटी नसते, पण अर्धीच सांगितलेली असते.

यूएसबी पोर्ट असलेल्या हबमध्ये आणखी एक मेख आहे. टाइप-सीमध्ये वेगवान माहितीच्या चार मार्गिका असतात. हब बहुतेकदा दोन मार्गिका पेन ड्राइव्हसारख्या कामांना देतो आणि चित्राला दोनच उरतात. लॅपटॉप डिस्प्लेपोर्ट १.२ वर चालत असेल, तर अशा वेळी ४केला ३० हर्ट्झच मिळतात. १.४ असेल तर ६० शक्य होतात.

पैसे देण्याआधी काय पाहायचं?

• लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती कंपनीच्या साइटवर उघडा. टाइप-सीपुढे डिस्प्लेपोर्ट किंवा थंडरबोल्ट लिहिलंय का, ते पाहा.

• अडॅप्टरवर '४के ६० हर्ट्झ' एकत्र लिहिलेलं हवं. नुसतं '४के' पुरेसं नाही.

• एचडीएमआय केबल 'प्रीमियम हाय स्पीड' किंवा त्यावरची घ्या.

• दिशा तपासा. टाइप-सीकडून एचडीएमआयकडे जाणारं अडॅप्टर सहसा उलटं चालत नाही.

• दोन मॉनिटर हवे असतील तर लॅपटॉपची मर्यादा पाहा. एम१ चिपचा मॅकबुक एअर एकाच बाहेरच्या स्क्रीनला थेट आधार देतो.

• जोडल्यावर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने जा. तिथे ३० दिसत असेल तर ६० चा पर्याय आहे का पाहा. नसेल, तर अडॅप्टर, केबल, हब आणि मॉनिटरचं इनपुट यांपैकी एक दुवा कमी पडतोय.

एक चार्जर सगळीकडे चालावा, यासाठी सरकारं पुढे आली. पोर्ट नेमकं काय करतं, हे डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिण्याची सक्ती होत नाही, तोवर ही तपासणी ग्राहकालाच करावी लागणार. मोठ्या शहरात अडॅप्टर बदलून आणणं तासाभराचं काम असतं. पिंपळगावात ऐन हंगामात त्यासाठी कामाचा अख्खा दिवस जातो.