औषध आपले, वाहन परक्याचे

एप्रिल २०२१ चे दिवस भिवंडीकर विसरलेले नाहीत. रेमडेसिव्हिरच्या एका कुपीसाठी कल्याण नाक्यापासून थेट ठाण्यापर्यंत औषधांच्या दुकानांचे उंबरठे झिजवणाऱ्या नातेवाइकांत प्रस्तुत लेखकही होता. नाशिक महामार्गालगतच्या गोदामांमधून देशभर औषधांची खोकी रवाना होतात, आणि त्याच गावात माझ्या मेहुण्यांसाठी सहा कुप्या मिळवायला चार दिवस लागले. एका दुकानदाराने छापील किमतीच्या कितीतरी पट रक्कम सांगितली. ती दिली नाही याचे समाधान बाळगावे की खंत, हे आजही ठरवता येत नाही. या औषधाचा नियमित वापर करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सुचवले होते. पण दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला असले अहवाल दिसत नसतात.

त्या महिन्यात केंद्र सरकारने दोन निर्णय घेतले. ११ एप्रिलला रेमडेसिव्हिरच्या निर्यातीवर बंदी घातली आणि २० एप्रिलला तीन वस्तूंवरील आयातशुल्क ३१ ऑक्टोबरपर्यंत माफ केले. पहिली वस्तू तयार इंजेक्शन, दुसरी त्यातील मूळ औषधद्रव्य आणि तिसरी बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन. या तिसऱ्या नावाकडे आम्हा पत्रकारांपैकी बहुतेकांनी ढुंकूनही पाहिले नाही. वास्तविक बातमी तिथेच होती.

रेमडेसिव्हिर पाण्यात नीट विरघळत नाही, आणि जे विरघळत नाही ते शिरेतून देता येत नाही. म्हणून शंभर मिलिग्रॅम औषधाच्या भुकटीच्या कुपीत तीन ग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिन घालावे लागते. म्हणजे औषधाच्या तीसपट त्याचे वाहन! औषध बनवण्याचे परवाने मे २०२० मध्येच आपल्या कंपन्यांना मिळाले होते, रसायनशास्त्रज्ञ आपल्याकडे होते, कामगार होते. परंतु ऐन आणीबाणीत सरकारला ज्या मालावरचे शुल्क माफ करावे लागते, त्या मालासाठी आपण परक्याच्या दारात उभे आहोत, हे सांगायला वेगळ्या पुराव्याची गरज नसते.

हे सायक्लोडेक्स्ट्रिन येते कुठून? उत्तर ऐकून भिवंडीच्या माणसाला हसू यावे. ते स्टार्चपासून तयार होते. आपल्या सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला जी खळ चढवतात, तोच हा पदार्थ. एके काळी चिंचोक्याच्या पिठाचीही खळ होत असे. मागावर सूत तुटू नये म्हणून ती चढवायची आणि कापड विणून झाले की विकराच्या साह्याने उतरवायची, हे चक्र या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. खळ उतरवणारे विकर स्टार्चच्या लांब साखळीचे तुकडे करते. काही जिवाणूंमध्ये मात्र दुसरेच विकर असते. ते तुकडा तोडते, त्याला बाक देते आणि त्याची दोन टोके एकमेकांना जोडून कडे घडवते. ग्लुकोजचे सहा, सात किंवा आठ मणी असलेले हे कडे म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन. व्हिलिये या फ्रेंच संशोधकाने १८९१ साली ते पहिल्यांदा नोंदवले.

या कड्याचा आकार बूड नसलेल्या निमुळत्या पेल्यासारखा असतो. बाहेरची बाजू पाण्याशी सलगी करणारी, आतली पाण्याला विन्मुख. पाण्याशी न जमणारा औषधाचा रेणू या पेल्यात शिरून बसतो आणि पेला त्याला घेऊन रक्तात मिसळतो. सारी किमया एवढीच. आपल्या वैद्यांनी औषधाइतकेच महत्त्व अनुपानाला दिले. तेच चूर्ण मधातून द्यायचे की तुपातून, यावर ते काथ्याकूट करीत. म्हणून सायक्लोडेक्स्ट्रिन आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, असे कोणी म्हणू लागले तर त्याला हात जोडावेत. ठाऊक होता तो विचार, रेणू नव्हे.

पुढची पायरी अधिक विलक्षण आहे. जपानमधील ओसाकाच्या अकिरा हरादा यांनी १९९२ साली दाखवून दिले की, विशिष्ट लांब रेणू आणि ही कडी पाण्यात एकत्र केली, की कडी आपोआप त्या रेणूवर ओवली जातात. ओवणारा कोणी नाही, सुई नाही. आतल्या पोकळीला पाण्यापेक्षा त्या धाग्याची संगत मानवते म्हणून माळ तयार होते. अशा माळांचे जेल होते, कण होतात, आणि त्यांत कोंडलेले औषध हळूहळू सुटते. रेणूंनी स्वतःची रचना स्वतःच उभी करावी, हे या शास्त्राचे मर्म आहे.

आता या कथेत महाराष्ट्र येतो.

नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी १९६२ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे डॉक्टरेट झाले. मन्रो वॉल यांच्यासह त्यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्टोथेसिन वेगळे केले. पुढे १९७१ साली टॅक्सॉल. कर्करोगावरील दोन अव्वल औषधांच्या मुळाशी खानदेशचा हा सुपुत्र आहे, हे आपल्या किती शालेय पुस्तकांत छापले आहे? २०२० च्या एप्रिलमध्ये पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले, तेव्हा टाळेबंदीच्या गदारोळात ती बातमीही विरून गेली.

१९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना हेच कॅम्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडात सापडले. दुर्गंधीमुळे लोक त्याला नरक्या म्हणतात. ज्या झाडाला आपण नाक मुरडले, त्याला परदेशात मोल आले आणि घाटमाथ्यावरून नरक्याच्या लाकडाची तस्करी सुरू झाली. ट्रक पकडले जात, पंचनामे होत, पण उभी झाडे तोडली जात राहिली.

पण कॅम्टोथेसिन मोठे हट्टी. पाण्यात विरघळेना. सत्तरच्या दशकात त्याचा क्षार करून रुग्णांना दिला, तर मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि त्या चाचण्या थांबल्या. नंतर त्याचे थोडे बदललेले भाऊबंद, टोपोटेकन आणि इरिनोटेकन, औषध म्हणून बाजारात आले. मूळ रेणू मात्र वाहनाविना तसाच राहिला. कॅलिफोर्नियातील मार्क डेव्हिस हे मूळचे उत्प्रेरकांवर काम करणारे अभियंते. पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला, तिच्या उपचारांतील यातना त्यांनी पाहिल्या आणि ते या क्षेत्राकडे वळले. सायक्लोडेक्स्ट्रिनची साखळी करून त्यांनी तिला कॅम्टोथेसिन जोडले. एका साखळीतील औषध शेजारच्या साखळीच्या पेल्यात शिरते आणि सुमारे तीस नॅनोमीटरचा कण आपोआप बांधला जातो. त्याच धर्तीच्या दुसऱ्या कणातून त्यांनी जनुकाला गप्प करणारा आरएनए रुग्णांच्या गाठीपर्यंत पोहोचवला आणि २०१० साली त्याचा पुरावा प्रसिद्ध केला. माणसाच्या बाबतीत असे प्रथमच घडत होते.

येथे टाळ्या वाजवून थांबणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. आरएनए वाहणाऱ्या त्या कणाच्या चाचण्या पुढे थांबल्या. कॅम्टोथेसिनचा कण २०१६ साली मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील चाचणीत अपेक्षित गुण दाखवू शकला नाही. करोनाच्या आरएनए लसींनी मेदाच्या कणांची वाट धरली. मग हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न वाचक विचारतील आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे की, अमेरिकेला या अपयशातून जे ज्ञान मिळाले ते त्यांच्याजवळ राहिले. आपल्याला अपयशाचीही संधी मिळाली नाही, कारण आपण त्या मैदानात फारसे उतरलोच नाही.

फारसे म्हटले, कारण अपवाद आहेत. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रदीप वाविया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतील ट्रोटा यांच्यासह सायक्लोडेक्स्ट्रिनची कडी एकमेकांत गुंफून सच्छिद्र ‘नॅनोस्पंज’ केले आणि त्यात इट्राकोनॅझोल भरून पाहिले. तो निबंध २००७ चा. बुरशीवरचे हे औषधही पाण्याशी फटकून वागणारे, आणि गजकर्णाने हैराण झालेल्या आपल्याकडच्या रुग्णांना ते रोज लिहून दिले जाते. अशा कामाला कारखान्यापर्यंत नेणारा पूल आपल्याकडे कोणी बांधायचा?

मार्च २०२० मध्ये केंद्राने ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. ती मूळ औषधद्रव्ये आणि त्यांचा कच्चा माल यांच्यासाठी आहे. तिचे स्वागतच आहे. पण कुपीतला एक भाग औषध आणि तीस भाग वाहन असेल, तर केवळ त्या एका भागाचा विचार करून स्वावलंबन कसे साधणार? भिवंडीच्या सायझिंगमधून उद्या शिरेतून द्यायचे सायक्लोडेक्स्ट्रिन निघेल, असे म्हणण्याइतका मी बालिश नाही. खळीची शुद्धता वेगळी आणि रक्तात जाणाऱ्या द्रव्याची वेगळी. मात्र खानदेशात मका पिकतो, नंदुरबारपासून फारशा दूर नसलेल्या दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना कित्येक वर्षे उभा आहे आणि विकरांचे जाणकार मुंबई-पुण्यात आहेत. राज्य शासनाने या तिघांना एका टेबलाशी बसवावे, माटुंग्यासारख्या संस्थेवर तांत्रिक जबाबदारी सोपवावी आणि खरेदीची हमी द्यावी. नरक्याची लागवड वनविभागाने स्थानिक गावकऱ्यांच्या हाती द्यावी, म्हणजे जंगल तोडून लाकूड पळवण्याची गरजच उरणार नाही.

माझे मेहुणे वाचले. सहाव्या कुपीमुळे की त्यांच्या नशिबाने, डॉक्टरांनाही सांगता आले नाही. रिकाम्या कुपीवरचे बारीक अक्षर मी नंतर भिंगाखाली धरून वाचले, तेव्हा हे नाव मला पहिल्यांदा भेटले.